परीकथेचा मराठी अनुवाद: संहितेच्या निवडीपासून शेवटच्या प्रुफापर्यंत

ठाणे, कळवा, ऐरोली आणि वाशी या परिसरातून माझ्याकडे संपादनासाठी परीकथांचे अनुवाद येतात. ते करणाऱ्यांत शिक्षिका आहेत, नोकरीतून निवृत्त झालेल्या स्त्रिया आहेत, आणि नातवंडांना वाचून दाखवता दाखवता पुस्तकापर्यंत पोहोचलेल्या आज्याही आहेत. भाषा बहुतेकींची चांगली असते. चुकतो तो कामाचा क्रम. समोर कोणती संहिता आहे हे न ठरवताच पहिले वाक्य लिहिले जाते, अनुवाद करता करताच कठोर प्रसंग मऊ केले जातात, आणि कथा मोठ्याने वाचून पाहण्याचे सुचते तेव्हा मजकूर छापखान्यात पोहोचलेला असतो. पुढची सगळी मांडणी एका आग्रहावर उभी आहे: अनुवाद आणि संपादन एकाच व्यक्तीने केले तरी चालेल, पण ही दोन कामे एका बैठकीत आणि एका फाइलमध्ये कधीही करू नयेत.

१. मूळ संहिता निश्चित करणे

मुखपृष्ठावर ग्रिम बंधूंचे नाव असलेले पुस्तक घरात आहे, म्हणजे मूळ कथा हाती आली, असे समजून अनेक जणी कामाला लागतात. ग्रिम या जर्मन बंधूंचा लोककथांचा संग्रह प्रथम १८१२ आणि १८१५ मध्ये दोन खंडांत निघाला आणि १८५७ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत त्यात फेरफार होत राहिले. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई; १८१९ च्या आवृत्तीत तिच्या जागी सावत्र आई आली. हान्सेल आणि ग्रेटेल यांच्या कथेत हाच बदल १८४० मध्ये झाला. पहिल्या आवृत्तीतली रापुन्झेल आपले कपडे हल्ली घट्ट का होतात असे भाबडेपणाने विचारते आणि तिला मनोऱ्यात कोंडणाऱ्या म्हातारीला ती गरोदर असल्याचे कळून चुकते. नंतरच्या आवृत्त्यांत, राजपुत्रापेक्षा तुम्हांला वर ओढणे जड का जाते, असा प्रश्न तिच्या तोंडी आला. आवृत्तीचे वर्ष माहीत नसेल तर आपण यांपैकी कोणती कथा सांगत आहोत हेच आपल्याला ठाऊक नसते. मुलांच्या पुस्तकासाठी १८५७ ची आवृत्ती धरावी, असे माझे मत आहे.

आपल्यापैकी बहुतेक जणी जर्मन, फ्रेंच किंवा डॅनिशमधून नव्हे तर इंग्रजीतून अनुवाद करतात. त्यात कमीपणा नाही, मात्र मधला इंग्रजी अनुवादक कोण हे कळले पाहिजे. एडगर टेलर यांनी १८२३ मध्ये ग्रिम इंग्रजीत आणताना कथा बऱ्याच सौम्य केल्या. बेडूक-राजाच्या मूळ कथेत राजकन्या चिडून बेडकाला भिंतीवर आपटते आणि तो राजपुत्र होतो. टेलर यांच्या कथेत तो तीन रात्री तिच्या उशीवर झोपतो आणि मग राजपुत्र होऊन उभा राहतो. चुंबन दोन्हीकडे नाही. मार्गारेट हंट यांचा १८८४ चा अनुवाद मुळाच्या बराच जवळ आहे. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मुक्त पुस्तकांच्या संकेतस्थळावर दोन्ही मिळतात, पण तिथे सहज समोर येतो तो टेलर यांच्या नावाचा संग्रह, म्हणून शीर्षक पाहून फाइल उतरवून घेऊ नये, अनुवादकाचे नाव पाहावे. जर्मन जाणणारी एखादी व्यक्ती ओळखीत असेल तर जर्मन विकिस्रोतावरची १८५७ ची संहिता तिच्याकडून निदान शंकास्थळांपुरती ताडून घ्यावी.

हान्स ख्रिश्चन अँडरसन यांच्या बाबतीत काळजी आणखी वाढवावी लागते. ते डॅनिशमध्ये लिहीत, आणि त्यांचे सुरुवातीचे काही इंग्रजी अनुवाद जर्मनवरून झाले. राजकन्या आणि वाटाणा या कथेच्या १८४६ च्या एका इंग्रजी अनुवादात एका वाटाण्याचे तीन वाटाणे झाले, ते याच आडवाटेने. हाती आलेल्या अनुवादात असे काही वाढलेले किंवा गळलेले आहे का हे पाहण्यासाठी कथेचा दुसरा एक इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवावा आणि दोन्हींत जिथे फरक दिसेल तिथे खूण करावी.

इशारा: दोन परंपरा एका कथेत मिसळू नयेत. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या सिंड्रेलाकडे भोपळ्याची बग्गी, सहा उंदरांचे घोडे, सहा सरड्यांचे नोकर आणि काचेचा बूट आहे, आणि शेवटी ती बहिणींना क्षमा करते. ग्रिम यांच्या कथेत परी नाही. आईच्या थडग्यावर वाढलेले झाड आणि पाखरे आहेत, बूट सोन्याचा आहे, आणि बहिणींना शिक्षा होते. काचेच्या बुटाशेजारी कबुतरे बसवलेली हस्तलिखिते माझ्याकडे वारंवार येतात. लिहिणारीने दोन पुस्तके आणि एक चित्रपट यांतून आठवेल तसे घेतलेले असते.

तपासणी: लाल टोपीवालीची कथा हाती असेल तर लांडग्याशी होणारा संवाद पाहावा. प्रश्नांची सुरुवात हात आणि पाय यांपासून होत असेल तर संहिता पेरो यांच्या परंपरेतली आहे, आणि शेवटी मुलगी लांडग्याच्या पोटातच राहते. सुरुवात कानांपासून होऊन पुढे डोळे, हात आणि तोंड येत असेल तर ती ग्रिम यांची, आणि शिकारी येऊन पोट फाडणार आहे. शेवट कोणता आहे हे माहीत नसताना सुरुवातीचा सूर ठरवता येत नाही.

२. हक्क तपासणे

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, आणि ही वर्षे मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजली जातात. पेरो, ग्रिम आणि अँडरसन यांच्या मूळ कथांवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. अडचण असते ती मधल्या अनुवादाची, कारण अनुवाद ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र कृती आहे. ज्या इंग्रजी अनुवादकाचे निधन १९६६ मध्ये झाले त्याचा हक्क २०२६ च्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतो, मूळ कथा दोनशे वर्षांची असली तरी. त्यामुळे दुकानातून आणलेल्या नव्या, चकचकीत इंग्रजी पुस्तकावरून अनुवाद करायचा असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी आधी हवी. हंट यांचे निधन १९१२ मध्ये झाले, तेव्हा त्यांचा अनुवाद निर्धास्तपणे वापरता येतो.

गुटेनबर्गवर पुस्तक आहे, म्हणजे ते भारतातही मुक्त आहे, असा निष्कर्ष काढू नये. तिथला निर्णय अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे झालेला असतो. आपण मृत्युवर्षावरून स्वतंत्रपणे खात्री करावी.

चित्रपटांतून आलेल्या गोष्टी कटाक्षाने दूर ठेवाव्यात. सात बुटक्यांना ग्रिम यांच्या कथेत नावे नाहीत. मुलांना पाठ असलेली नावे १९३७ च्या चित्रपटातली आहेत, आणि ती किंवा तिथले कपड्यांचे रंग आपल्या पुस्तकात येता कामा नयेत. चित्रांनाही चित्रकाराच्या मृत्युवर्षाचा हाच हिशोब लागतो: गुस्ताव्ह दोरे यांचे निधन १८८३ मध्ये आणि आर्थर रॅकहॅम यांचे १९३९ मध्ये झाले, तेव्हा त्यांची चित्रे मुक्त आहेत, फक्त छपाईला पुरेल इतकी मोठी आणि स्वच्छ प्रतिमा मिळते का ते पाहावे.

३. लिहिण्यापूर्वीचे तक्ते

पूर्ण कथा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय एकही वाक्य लिहू नये. हे सांगण्याची गरज वाटू नये, पण पेरो यांच्या निद्रिस्त राजकन्येची कथा लग्नानंतरही पुढे चालते आणि तिथे राजपुत्राची राक्षसीण आई नातवंडांना खायला निघते, हे अर्धा अनुवाद झाल्यावर लक्षात आलेल्या अनुवादिका मी पाहिल्या आहेत. त्यांनी पुस्तक पाच वर्षांच्या मुलांसाठी ठरवलेले असते. पहिल्यांदाच काम करणारीने लहान कथा घ्यावी. वाटाण्याची कथा जेमतेम एक-दोन पानांची आहे. हिमराणीची कथा सात भागांची आहे आणि ती पहिल्या कामासाठी योग्य नाही.

वाचन झाले की वहीत किंवा संगणकावर चार तक्ते करावेत.

*नावांचा तक्ता.* हिमगौरी हे नाव मराठीत रुळलेले आहे, ते बदलण्याचा खटाटोप करू नये. नाव रुळलेले आहे की नाही अशी शंका असेल तर ग्रंथालयात जाऊन जुनी मराठी रूपांतरे चाळावीत. ठाण्यात १८९३ पासून चालू असलेले मराठी ग्रंथ संग्रहालय हाताशी असताना हा आळस करू नये. काही नावे कथानकात गुंतलेली असतात. रापुन्झेल हे मुळात एका पालेभाजीचे नाव आहे, आणि मुलीच्या आईला दिवस असताना कुंपणापलीकडच्या त्याच भाजीचे डोहाळे लागतात. नाव तसेच ठेवायचे असेल तर भाजीलाही कथेत तेच नाव द्यावे लागते, नाहीतर मुलीला ते का मिळाले हे मुलांना कधीच कळत नाही.

*संबोधनांचा तक्ता.* सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण आजच्या इंग्रजीत सगळ्यांना एकच सर्वनाम असते आणि मराठीत प्रत्येक जोडीसाठी निवड करावी लागते. पात्रांच्या जोड्या लिहून प्रत्येक जोडीपुढे तू, तुम्ही किंवा आपण असे नोंदवावे. आपल्याकडे बहुतेक घरांत नातवंडे आजीला ‘तू’ म्हणतात, म्हणून ‘आजी, तुझे कान एवढे मोठे कसे?’ हेच योग्य. तिथे ‘तुमचे’ घातले की मुलीला आधीपासूनच संशय आहे असे वाटते. राजकन्या बेडकाला ‘तू’ म्हणेल, पण तो राजपुत्र झाल्यावर काय म्हणेल? मी ‘तुम्ही’ सुचवते, कारण त्या एका बदलाने राजकन्येचा संकोच आपोआप उमटतो. लांडग्याला मुलीने नुसते ‘लांडग्या’ म्हणायचे की ‘लांडगेदादा’, यावर तिचा त्याच्यावर किती विश्वास आहे हे ठरते.

लिंगाची नोंदही याच तक्त्यात असावी. कुरूप बदकाचे ‘पिल्लू’ मराठीत नपुंसकलिंगी आहे आणि शेवटचा ‘हंस’ पुल्लिंगी. ‘ते पिल्लू’ पासून ‘तो हंस’ पर्यंतचा बदल कोणत्या वाक्यात करायचा हे आधी ठरवले नाही तर अधल्यामधल्या परिच्छेदांत तो आणि ते यांची सरमिसळ होते. माझ्या मते पिल्लाला पाण्यात आपले प्रतिबिंब दिसते, तिथे हा बदल करावा. त्याआधी कुठेही नको.

*वस्तूंचा तक्ता.* ज्या वस्तू ठाण्यातल्या मुलाने पाहिलेल्या नाहीत त्या लिहून काढाव्यात आणि प्रत्येकीपुढे ‘ठेवायची’, ‘ठेवून समजवायची’ किंवा ‘बदलायची’ असा निर्णय लिहावा. हिम हे मोठे उदाहरण आहे. आपल्या मुलांचा बर्फ फ्रिजमधला किंवा गोळ्याच्या गाडीवरचा. ‘बाहेर बर्फ पडत होता’ असे वाचल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर तुकडे पडतात. काडेपेट्या विकणाऱ्या मुलीची कथा थंडीवाचून उभीच राहत नाही, म्हणून तिथे भुरभुरणारे, केसांवर साचणारे, अनवाणी पायांना झोंबणारे हिम एका वाक्यात दाखवावे लागते. हान्सेल आणि ग्रेटेल यांना सापडलेले घर ग्रिम यांच्या कथेत पावाचे, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या आहेत. त्याच्या पुरणपोळ्या करू नयेत. तसे करायचे असेल तर संपूर्ण कथाच येऊरच्या जंगलात आणावी आणि पुस्तकावर ‘रूपांतर’ असे छापावे.

*पालुपदांचा तक्ता.* कथेत जे जे वाक्य पुन्हा येते ते, किती वेळा आणि कोणत्या फरकाने येते यासह लिहावे. याचा उपयोग पाचव्या टप्प्यात आहे.

४. पहिला खर्डा: काहीही न गाळता

या खर्ड्यात मुलांचा विचार करायचा नाही, हे वाचून अनेकांना धक्का बसतो. पण अनुवाद करतानाच सौम्य करत गेले की आपण काय काढले याची नोंद राहत नाही, आणि पुढे कथेचा सांधा निखळला तरी तो कुठे निखळला हे सापडत नाही. हिमगौरीची सावत्र आई तीनदा येते: एकदा चोळीची नाडी घेऊन, एकदा विषारी कंगवा घेऊन आणि मग सफरचंद घेऊन. चित्रपटाच्या आठवणीने पहिल्या दोन फेऱ्या नकळत गाळल्या जातात, आणि मग बुटक्यांनी दार उघडू नकोस असे पुन्हा पुन्हा का बजावले हे कळेनासे होते. खर्ड्यात तिन्ही फेऱ्या, सगळी क्रूरता आणि सगळे रटाळ वर्णनही आले पाहिजे.

वाक्यरचनेबाबत काही नेमक्या सूचना.

इंग्रजीतली ‘जी’, ‘जो’, ‘ज्याने’ अशी साखळी मराठीत तशीच आणू नये. ‘ती मुलगी, जी जंगलात राहत होती, ती रोज पाणी आणायची’ याऐवजी ‘जंगलात राहणारी ती मुलगी रोज पाणी आणायची’ असे लिहावे. ‘राजाद्वारे दवंडी पिटवण्यात आली’ हे सरकारी परिपत्रक झाले. ‘राजाने दवंडी पिटवली’ एवढे पुरे. होकार देताना मराठी माणूस डोके हलवत नाही, मान डोलावतो.

इंग्रजी अनुवादातले ‘फेअर’ हे विशेषण सगळ्यांत घातक आहे. आरशाला राणी विचारते ते सर्वांत सुंदर कोण, सर्वांत गोरी कोण हे नव्हे. जर्मनमध्ये तिथे स्पष्टपणे सुंदर असाच शब्द आहे. हिमगौरीच्या वर्णनात हिम, रक्त आणि काळे शिसवी लाकूड हे तीन रंग कथेचेच आहेत, ते राहू द्यावेत. मात्र बाकीच्या प्रत्येक नायिकेला ‘गोरीपान’ करण्याची आपली सवय मुळात नसलेला रंगभेद मुलांच्या हाती देते. शोधाची सोय वापरून संपूर्ण फाइलीत ‘गोरी’ शोधावे आणि मुळात आधार नसेल तिथून काढून टाकावे. ‘दुष्ट’ या शब्दाचेही तसेच करावे. वर्गात सावत्र आई असलेले मूल बसलेले असते. मूळ कथेने न दिलेले विशेषण आपण पदरचे घालू नये.

आरंभ आणि शेवट यांनाही ठरीव साच्यात कोंबू नये. ‘आटपाट नगर’ आणि ‘साठा उत्तरांची कहाणी’ ही व्रतकथांची लेणी आहेत, ती जर्मन जंगलात शोभत नाहीत. ग्रिम यांच्या काही कथा ‘आणि ते मेले नसतील तर आजही जगत असतील’ अशा अर्थाने संपतात. हे वाक्य मराठीत उत्तम बसते. त्याच्या जागी ‘सुखाने नांदू लागले’ टाकण्याची काही गरज नाही.

इशारा: यंत्राकडून अनुवाद करून घेऊन तो ‘सुधारण्याचा’ मार्ग घेऊ नये. यंत्र संबोधने आणि लिंगे परिच्छेदागणिक बदलते, आणि ती दुरुस्त करण्यात नव्याने लिहिण्याइतकाच वेळ जाऊन भाषा मात्र यंत्राचीच राहते.

५. पद्ये आणि पालुपदे

पद्ये खर्ड्याच्या ओघात पाडू नयेत. ती वेगळ्या दिवशी, एकत्र करावीत. आरशाचा प्रश्न कथेत अनेकदा येतो आणि उत्तर दर वेळी थोडे बदलते. पहिल्या उत्तराला सुंदर यमक साधले आणि नंतरच्या उत्तरात ‘डोंगरापलीकडे, सात बुटक्यांच्या घरी’ हे बसेना, म्हणून सगळे पाडून पुन्हा करावे लागते. त्यापेक्षा सर्व रूपे एका कागदावर लिहून सगळ्यांना पुरेल असा छंद निवडावा. मुलांच्या कानाला आठ आणि सहा अक्षरांची चाल सोपी जाते:

भिंतीवरच्या आरशा, खरे सांग मला,
रूपवान कोण इथे, ठाऊक ना तुला?

याच चालीत ‘डोंगराच्या पलीकडे’ ही आठ अक्षरे सहज बसतात, आणि पुढच्या सहांत हिमगौरीला जागा मिळते. यमक जुळत नसेल तर यमक सोडावे, ताल सोडू नये. काही जणी यमकासाठी नवा अर्थ घालतात, आणि मग आरसा न विचारलेल्या गोष्टी बोलू लागतो.

गद्य पालुपदांचा नियम सोपा आहे: मुळात वाक्य जसेच्या तसे परत येत असेल तर मराठीतही शब्दशः तेच यावे. कंटाळा टाळण्यासाठी पर्यायी शब्द वापरणे हा निबंधाचा गुण आहे, परीकथेत तो दोष होतो. मुले तिसऱ्या वेळी वाक्य आपणहून पूर्ण करतात, आणि शब्द बदलला असेल तर लगेच अडवतात. अँडरसन यांच्या चकमकपेटीच्या (इंग्रजीत ‘टिंडरबॉक्स’) कथेत तीन कुत्र्यांचे डोळे अनुक्रमे चहाच्या कपाएवढे, गिरणीच्या चाकाएवढे आणि कोपनहेगनच्या गोल मनोऱ्याएवढे आहेत, आणि ही मापे पुढेही परत येतात. गोल मनोरा खरोखर अस्तित्वात आहे. तो तसाच ठेवावा, त्या जागी आपला एखादा मनोरा आणू नये, आणि तिन्ही मापे प्रत्येक वेळी त्याच शब्दांत द्यावीत.

६. संपादन: काय ठेवायचे आणि काय बदलायचे

खर्डा पूर्ण झाला की तो काही दिवस बाजूला ठेवावा. मग त्याची प्रत करून नव्या नावाने साठवावी आणि त्या प्रतीवरच संपादन करावे. पहिल्या खर्ड्याला हात लावू नये.

सर्वांत आधी पुस्तक काय आहे हे ठरवावे. कथा पूर्ण आणि क्रमाने आली असेल तर ‘अनुवाद’. प्रसंग गाळले असतील तर ‘संक्षिप्त अनुवाद’. स्थळ, पात्रे किंवा शेवट बदलला असेल तर ‘रूपांतर’. तिन्ही प्रकार मानाचे आहेत; अप्रामाणिकपणा होतो तो रूपांतरावर अनुवादाची चिठ्ठी लावल्याने. पेरो यांच्या कथांच्या शेवटी पद्यात बोधवचने आहेत, सिंड्रेलाच्या शेवटी तर दोन. ती मुलांसाठी गाळली तरी चालतील, पण मनोगतात एका ओळीत तसे सांगावे.

कठोर प्रसंग बदलण्यापूर्वी त्यावर पुढचे काय अवलंबून आहे ते पाहावे. ग्रिम यांच्या सिंड्रेलात बहिणी बूट बसवण्यासाठी एक अंगठा आणि दुसरी टाच कापते, आणि बुटात रक्त आहे असे कबुतरे गाऊन सांगतात. कापणे काढून टाकले की कबुतरांकडे सांगण्यासारखे काही उरत नाही आणि राजपुत्र दोनदा अर्ध्या वाटेवरून का परततो याचा उलगडा होत नाही. अशा वेळी वर्णन आखडते घ्यावे, घटना ठेवावी: ‘तिने टाच कापली आणि वेदना गिळून बूट चढवला’ एवढ्याने भागते. हिमगौरीच्या शेवटी राणीला तापलेले लोखंडी बूट घालून नाचावे लागते, हे आठ-नऊ वर्षांची मुले शांतपणे ऐकतात. त्यांना शिक्षा झालेली हवी असते. चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी ते नको वाटत असेल तर शेवट कापण्यापेक्षा त्या पुस्तकात दुसरी कथा घ्यावी. काही कथा कोणत्याही वयाला देऊ नयेत. ग्रिम यांच्या संग्रहात ज्यू माणसाच्या छळावर हसणारी एक कथा आहे, तिला मुलांच्या पुस्तकात जागा नाही, आणि तिची धार बोथट करून ती घेण्यातही अर्थ नाही.

लोकांच्या तोंडून आलेली कथा आणि एका लेखकाने रचलेली कथा यांत इथे भेद करावा लागतो. ग्रिम बंधूंनी स्वतःच आपल्या कथा बदलल्या होत्या, तेव्हा संक्षेपाला तिथे वाव आहे. अँडरसन यांचे तसे नाही. १८४५ च्या काडेपेटीवाल्या मुलीला वाचवणे किंवा १८३७ च्या जलपरीचे राजपुत्राशी लग्न लावणे म्हणजे एका लेखकाची कथा मोडणे होय. जलपरी शेवटी फेस होते आणि मग वाऱ्याच्या कन्यांमध्ये जाते. हे मुलांना कळणार नाही असे पालक सांगतात, पण मुलांना ते कळते आणि ती त्यावर प्रश्न विचारतात. मला या ठिकाणी तडजोड मान्य नाही.

तपासणी: संपादित प्रत पहिल्या खर्ड्याशी ओळीगणिक ताडावी आणि गाळलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे कारण लिहावे. कारण एका वाक्यात लिहिता येत नसेल तर गाळलेले परत घ्यावे.

७. मोठ्याने वाचून पाहणे

अनुवादिकेने स्वतः वाचून ही परीक्षा होत नाही, कारण तिला वाक्य कुठे वळते हे पाठ असते. मजकूर आधी न पाहिलेल्या व्यक्तीला, शक्यतो एखाद्या आजोबांना किंवा बाबांना, सोसायटीच्या सभागृहात मुलांसमोर वाचायला द्यावे आणि आपण मागे बसून छापील प्रतीवर खुणा कराव्यात. वाचणाऱ्याची जीभ अडखळली तिथे एक खूण, मुलांची चुळबुळ सुरू झाली तिथे दुसरी, मुलाने ‘म्हणजे काय?’ विचारले तिथे तिसरी. मधे बोलून समजावून सांगण्याचा मोह आवरावा. पुस्तकाबरोबर आपण घरोघर जाणार नसतो.

आपल्या भागात श्रोते दोन प्रकारचे असतात आणि दोन्हींसमोर वाचन व्हावे. महापालिकेच्या मराठी शाळेतली मुले सराईतपणे वाचतात. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा नेरूळच्या इंग्रजी शाळांतली मराठी घरांतली मुले ऐकून सगळे समजतात, पण देवनागरी सावकाश वाचतात, आणि एका शब्दात दोन जोडाक्षरे आली की थांबतात. त्यांच्यासाठी शब्दसंग्रह उतरवू नये, वाक्ये थोडी आखूड करावीत. घरी आगरी किंवा मालवणी बोलणारी मुले एखाद्या वस्तूला अधिक नेमका शब्द सुचवतात. तो सगळ्यांना कळण्यासारखा असेल तर जरूर घ्यावा.

‘होते’ लिहायचे की ‘होतं’, याचा निकालही इथेच लागतो. वाचून दाखवायच्या पुस्तकात निवेदन ‘होतं, केलं, म्हणालं’ असे चालवले तरी हरकत नाही, पण मग संपूर्ण पुस्तकात तेच हवे. एकाच पानावर दोन्ही रूपे असणे ही हस्तलिखितांत मला दिसणारी सर्वांत सामान्य त्रुटी आहे.

८. पानमांडणी, प्रूफ आणि नामनिर्देश

टंक निवडताना ‘ल’ आणि ‘श’ पाहावेत. शाळेत मुले या अक्षरांची मराठी वळणे शिकतात, शासनाच्या २००९ च्या निर्णयातही तीच आहेत, पण संगणकावरचे पुष्कळ देवनागरी टंक हिंदी वळणे दाखवतात. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलाला ते अक्षर अनोळखी वाटते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी अक्षर १८ पॉइंटांच्या खाली जाऊ नये. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’, ‘द्ध’, ‘ह्य’ आणि अवतरणचिन्हे एकेक करून शोधावीत, कारण रूपांतरात हमखास बिघडतात ती हीच. छपाई १६ पानांच्या फर्म्याने होत असेल तर पाने त्या पटीत बसवावीत; मजकूर दोन पानांनी वाढला म्हणून ऐन वेळी परिच्छेद कापण्याची पाळी येऊ नये.

चित्रकाराला पूर्ण कथा वाचायला द्यावी, सारांश देऊ नये. बूट काचेचा की सोन्याचा, हे चित्रात चुकले तर शब्दांनी सावरता येत नाही.

श्रेयपानावर मूळ लेखक किंवा संग्राहक, आवृत्तीचे वर्ष, ज्या इंग्रजी अनुवादावरून काम केले त्याच्या अनुवादकाचे नाव, मराठी अनुवादिका, संपादिका आणि चित्रकार इतकी नावे स्वतंत्र ओळींवर यावीत. अँड्र्यू लँग यांच्या नावाने १८८९ ते १९१० या काळात निघालेल्या रंगांच्या नावांच्या बारा परीकथासंग्रहांतले बहुतेक अनुवाद त्यांच्या पत्नी लिओनोरा यांनी केले होते, आणि लँग यांनी शेवटच्या संग्रहाच्या प्रस्तावनेत तसे स्पष्ट लिहिले. तरी मुखपृष्ठांवर नाव राहिले ते अँड्र्यू यांचेच. या संग्रहांवरून अनुवाद करणाऱ्यांनी श्रेयपानावर लिओनोरा यांचे नाव आवर्जून घालावे. स्वतःचे नावही मुखपृष्ठावर मागावे आणि ते करारात लिहून घ्यावे. तोंडी आश्वासनावर मजकूर सुपूर्द करू नये.

स्वतः प्रकाशन करत असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. श्रेयपान छपाईला जाण्याआधी तो हाती असला पाहिजे. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह कायद्याने ठरवलेल्या चार ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत पाठवावी लागते.

शेवटचे प्रूफ कागदावर काढूनच वाचावे, आणि ते तीन वेगवेगळ्या फेऱ्यांत: एकदा फक्त शुद्धलेखनासाठी, एकदा संबोधनांचा तक्ता शेजारी ठेवून फक्त संवाद, आणि एकदा फक्त पालुपदे, प्रत्येक आवर्तन आधीच्या आवर्तनावर बोट ठेवून. छापखाना तुर्भ्याला असो वा घराखाली, एक पूर्ण बांधलेला नमुना हाती घेऊन पानांचा क्रम आणि प्रत्येक चित्र आपल्या प्रसंगासमोर आले आहे का हे पाहावे, आणि त्यानंतरच छपाईच्या परवानगीवर सही करावी.